बांधण्याआधी भरून पाहिलेले स्थानक

रेल्वे स्थानकाचा किंवा विमानतळाचा आराखडा कागदावर पाहताना त्यात फलाट दिसतात, जिने दिसतात, तिकीटखिडक्या आणि स्वच्छतागृहे दिसतात. अगदी कुंड्यांच्या जागाही आखलेल्या असतात. दिसत नाही ती फक्त गर्दी. वास्तू वापरात आल्याच्या पहिल्या दिवसापासून तिचे भवितव्य मात्र हीच न दिसलेली गोष्ट ठरवीत असते. ही उणीव भरून काढण्यासाठी गेल्या काही दशकांत जे शास्त्र विकसित झाले, त्याला प्रवासी-प्रवाहाचे संगणकीय प्रतिरूपण किंवा सरळ शब्दांत ‘सिम्युलेशन’ म्हणतात. नियोजित वा अस्तित्वात असलेल्या स्थानकाचा नकाशा संगणकात उतरवायचा, त्यात हजारो काल्पनिक प्रवासी सोडायचे, प्रत्येकाला एक ठिकाण व एक वेग द्यायचा आणि कुठे काय तुंबते ते पाहायचे, असे या पद्धतीचे ढोबळ स्वरूप आहे.

हे काम साध्या त्रैराशिकाने का होत नाही, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. तासाला किती प्रवासी येणार आणि जिना तासाला किती माणसे वाहून नेणार, हे ठाऊक असले की भागाकार पुरेसा वाटतो. परंतु स्थानकात माणसे नळाच्या धारेसारखी येत नाहीत. ती गाडीबरोबर लोंढ्याने येतात. समजा, एका फलाटावर दर चार मिनिटांनी गाडी येते आणि प्रत्येक गाडीतून ५०० प्रवासी उतरतात. जिना तीन मीटर रुंद आहे आणि त्याच्या दर मीटर रुंदीतून मिनिटाला ५० माणसे चढतात. म्हणजे चार मिनिटांत ६०० जण वर जाऊ शकतात. हिशेब चोख आहे, वर शंभराची सवडही आहे. आता एक गाडी रखडली आणि दोन गाड्यांचे प्रवासी एकदमच उतरले असे धरू. एक हजारांपैकी चार मिनिटांनी ४०० जण खालीच उरतात, तेवढ्यात पुढची गाडी आणखी ५०० जणांना उतरवते. हा अनुशेष दर गाडीमागे जेमतेम शंभराने घटतो. एका गाडीच्या चार मिनिटांच्या विलंबाची किंमत त्या जिन्याला तब्बल वीस मिनिटे मोजावी लागते. त्या वीस मिनिटांत दुसरी गाडी रखडली, तर काय होईल हे मुंबईकरांना सांगण्याची गरज नाही. तासाची सरासरी यातले काहीही दाखवत नाही.

रांगांचे गणितही असेच फसवे असते. डेन्मार्कचे गणिती ए. के. एरलांग यांनी १९०९ साली कोपनहेगनच्या टेलिफोन केंद्रासाठी या शास्त्राचा पाया घातला. माणसे अनियमितपणे येत असतील आणि प्रत्येकाच्या कामाला लागणारा वेळही कमीजास्त असेल, तर ८० टक्के वेळ व्यग्र असलेल्या खिडकीपाशी सरासरी चार जण असतात. ९० टक्के व्यग्र खिडकीपाशी नऊ आणि ९५ टक्के व्यग्र खिडकीपाशी एकोणीस. कामाचा ताण थोडाच वाढतो, रांग मात्र दुपटीने वाढते. ‘खिडकीवरचा माणूस एक क्षणही रिकामा बसता कामा नये’ असा आग्रह धरणारे व्यवस्थापन प्रत्यक्षात लांबच लांब रांगेचीच मागणी करीत असते.

एका खिडकीपुरते हे सूत्र कागदावर सुटते. तपासणी, जिना, पूल आणि फलाट यांची साखळी जोडली की ते सुटेनासे होते. मग उत्तर काढण्याऐवजी संगणकावर प्रसंग पुनःपुन्हा घडवून पाहणे हाच मार्ग उरतो. १९६१ साली आयबीएमच्या जेफ्री गॉर्डन यांनी खास याच कामासाठी ‘जीपीएसएस’ ही प्रणाली तयार केली. त्याच दशकात ओस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगोर यांनी ‘सिम्युला’ ही भाषा घडवली. रांगेतील प्रत्येक वाहन वा व्यक्ती ही स्वतःचे गुणधर्म आणि स्वतःची वागणूक असलेली स्वतंत्र वस्तू मानावी, ही तिच्यातील कल्पना. पुढे ब्यार्ने स्ट्रॉस्ट्रुप यांनी ती ‘सी प्लस प्लस’मध्ये आणली. पुण्या-मुंबईच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत हजारो तरुण आज ज्या धाटणीत प्रोग्रॅम लिहितात, तिचे मूळ असे रांगांच्या अभ्यासात आहे.

तरीही या आरंभीच्या प्रतिरूपांतील प्रवासी म्हणजे नुसता एक ठिपका होता. त्याला शरीर नव्हते. ते दिले न्यूयॉर्कच्या पोर्ट ऑथॉरिटीत काम करणारे अभियंते जॉन फ्रुईन यांनी. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पादचारी नियोजनावरील पुस्तकात उभ्या माणसाची जागा १८ इंच बाय २४ इंचांच्या लंबवर्तुळात मोजलेली आहे. मोकळेपणानुसार त्यांनी ‘ए’ ते ‘एफ’ अशा सहा श्रेणी ठरवल्या. चालणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला सव्वातीन चौरस मीटरहून अधिक जागा आली तर ‘ए’. अर्ध्या चौरस मीटरहूनही कमी आली तर ‘एफ’. जगभरच्या स्थानकांचे आराखडे या ना त्या रूपात हीच फूटपट्टी वापरीत आले आहेत. गर्दीच्या वेळी दादरच्या पुलावरून ये-जा करणाऱ्याला ‘ए’ श्रेणी ही निव्वळ कविकल्पना वाटेल, तो भाग निराळा.

त्यानंतरची मोठी झेप भौतिकशास्त्रज्ञांची. १९९५ साली डिर्क हेल्बिंग आणि पेटर मोल्नार यांनी ‘सोशल फोर्स’ म्हणजे सामाजिक बलाचे प्रतिरूप मांडले. माणूस आपल्या इच्छित दिशेने विशिष्ट वेग गाठू पाहतो. इतर माणसे आणि भिंती त्याला जणू दूर ढकलतात. या सर्व बलांची बेरीज म्हणजे त्याचे पुढचे पाऊल. इतक्या थोड्या नियमांतून जे घडते ते थक्क करणारे आहे. समोरासमोरून येणाऱ्या दोन जमावांना कोणीही शिस्त लावलेली नसताना पडद्यावर आपोआप येणाऱ्यांच्या आणि जाणाऱ्यांच्या ओळी तयार होतात, अगदी कोणत्याही पुलावर होतात तशाच. अरुंद दारापाशी कधी इकडचा घोळका, तर कधी तिकडचा, अशी पाळीही आपसूक लागते. जर्मनीतील आंद्रेआस शाडश्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ च्या सुमारास वेगळा मार्ग धरला. त्यांनी जमिनीचे ४० सेंटिमीटरचे चौकोन पाडले आणि प्रत्येक माणूस चालताना मागे एक अदृश्य माग सोडतो, इतर जण त्याकडे ओढले जातात, असे मानले. ही युक्ती त्यांनी मुंग्यांकडून उचलली. ‘मुंगी शिरायला जागा नाही’ असे आपण म्हणतो, त्या गर्दीचे गणित अखेर मुंग्यांच्याच वाटेने सुटावे, हा योगायोग गमतीदार खरा.

हेल्बिंग यांनी इलेश फार्काश आणि तामाश विचेक यांच्यासह २००० साली ‘नेचर’मध्ये जे मांडले, ते अधिक गंभीर होते. दारातून बाहेर पडू पाहणाऱ्या जमावाचा इच्छित वेग एका मर्यादेपलीकडे वाढवला, की प्रत्यक्ष बाहेर पडणाऱ्यांची संख्या वाढण्याऐवजी घटते. खांद्याला खांदा घासून दारापाशी माणसांची कमान तयार होते आणि ती कोणालाच सोडत नाही. घाटरस्त्यांवरच्या फलकांवरील ‘अति घाई, संकटात नेई’ हे वाक्य इथे समीकरणातून सिद्ध होते.

येथे शब्दांबाबत थोडे बोलणे आवश्यक आहे. अशा दुर्घटनांना इंग्रजी वृत्तपत्रे ‘स्टॅम्पीड’ म्हणतात. उधळलेल्या गुरांसाठीचा तो शब्द आहे आणि त्यात नकळत दोष जमावावर जातो, जणू माणसे सैरावैरा धावली म्हणून मेली. प्रत्यक्षात बहुतेक वेळा कोणी धावतच नसते, धावायला जागाच नसते. एका चौरस मीटरमध्ये सातच्या आसपास माणसे दाटली की जमाव द्रवासारखा वागू लागतो, असे फ्रुईन यांनी नोंदवले आहे. मागचा रेटा लाटेसारखा पुढे जातो, पाय जमिनीवरून सुटतात आणि छाती फुगायला जागा न उरल्याने माणसे उभ्या उभ्या गुदमरतात. मराठीतील ‘चेंगराचेंगरी’ हा शब्द या बाबतीत इंग्रजीपेक्षा कितीतरी अचूक आहे.

हाच शब्द २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईवर आदळला. पश्चिम रेल्वेचे एल्फिन्स्टन रोड आणि मध्य रेल्वेचे परळ ही स्थानके जोडणाऱ्या पादचारी पुलावर सकाळी साडेदहाच्या सुमारास २३ जणांचा जीव गेला. जोराचा पाऊस होता. गाड्यांतून उतरलेले प्रवासी पाऊस थांबण्याची वाट पाहत पुलावर आणि जिन्यावर थबकले आणि मागून नव्या गाड्यांचे प्रवासी येतच राहिले. रेल्वेच्या चौकशीत पावसाला कारण ठरवण्यात आले. मात्र पाऊस मुंबईला नवा नाही. गिरण्यांच्या जमिनींवर कार्यालयांचे मनोरे उभे राहिले, त्यांत काम करणाऱ्यांचा लोंढा याच स्थानकांवर उतरू लागला, पूल तेवढा गिरण्यांच्या काळातलाच राहिला आणि नव्या पुलाची मागणी वर्षानुवर्षे कागदावर फिरत राहिली. दुर्घटनेनंतर लष्कराला पाचारण करण्यात आले आणि त्याने उभारलेला पूल फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला झाला. जे काम वर्षानुवर्षे होत नव्हते ते काही महिन्यांत झाले. त्याच वर्षी एल्फिन्स्टन रोडचे नाव प्रभादेवी झाले.

अशा पुलाचे प्रतिरूप तयार केले असते तर त्याने काय सांगितले असते? त्यासाठी संगणकाला एकच प्रश्न विचारावा लागतो : बाहेर पडण्याचा मार्ग दहा मिनिटे बंद झाला तर? दोनशे चौरस मीटरचा एक पूल कल्पावा. त्यावर मिनिटाला १५० माणसे येत आहेत आणि एकही उतरत नाही. चौरस मीटरला सात ही धोक्याची दाटी गाठायला १,४०० माणसे पुरतात, म्हणजे साडेनऊ मिनिटांच्या आतच. दाटी वाढेल तशी आवक थोडी मंदावते, हे खरे. परंतु जिन्याच्या तळाशी असलेल्याला पुलाच्या दुसऱ्या टोकाला काय चालले आहे ते दिसत नसते. त्याला फक्त समोरची पाठ दिसते. ‘पाऊस पडतो आणि माणसे थबकतात’ ही मुंबईत दर पावसाळ्यात घडणारी गोष्ट आहे. ती प्रतिरूपात घालणे अवघड नाही. घालायला सुचणे महत्त्वाचे.

किंबहुना या शास्त्राची खरी अडचण इथेच आहे. संगणकातील माणूस कोणासारखा चालतो? झुरिकच्या उलरिश वाइडमन यांनी १९९३ साली संकलित केलेले आकडे आजही अनेक ठिकाणी प्रमाण मानले जातात. मोकळ्या जागेत सेकंदाला १.३४ मीटर हा सरासरी वेग; गर्दी वाढेल तसा तो घटत जातो आणि चौरस मीटरला ५.४ माणसे झाली की शून्यावर येतो. मुंबईच्या लोकलमधील गर्दीला रेल्वेने ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असे नाव दिले आहे. त्यात चौरस मीटरला १४ ते १६ उभे प्रवासी धरतात, आणि तरीही त्यांतला प्रत्येक जण आपापल्या स्थानकावर उतरतोच. युरोपातल्या पादचाऱ्याच्या मापाने या माणसाचे भाकीत कसे करायचे?

हा प्रश्न प्रयोगानेही तपासला गेला आहे. उज्ज्वल चट्टराज, आर्मिन सायफ्रीड आणि पार्थ चक्रवर्ती यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतात आणि जर्मनीत एकाच प्रकारच्या मार्गावर माणसांना एकामागे एक चालायला लावले होते. गर्दी वाढली की दोन्हीकडचा वेग घटतो, पण भारतीयांचा कमी घटतो, असे आढळले. भारतीयांची विस्कळीत चाल जर्मनांच्या शिस्तबद्ध चालीपेक्षा अधिक परिणामकारक ठरली, आणि हे आश्चर्यकारक असल्याचे संशोधकांनीच नमूद केले आहे.

हा निष्कर्ष वाचून कॉलर ताठ करण्याचा मोह होईल. तो टाळलेला बरा. जी माणसे खेटून चालूनही वेग कायम राखतात, त्यांच्या गर्दीत धोक्याची पूर्वसूचना उशिरा मिळते. जिथे जर्मन पादचारी थांबला असता, तिथे आपला प्रवासी आणखी दोन पावले पुढे सरकतो, म्हणून पूल ‘चालतो आहे’ असे वाटत राहते. प्रवाह वाहता दिसतो तोवर अधिकारी निर्धास्त असतात. सहनशीलता ही क्षमता म्हणून हिशेबात धरली गेली की सवड उरत नाही आणि पाऊस, अफवा किंवा पडलेले एखादे गाठोडे पुरेसे होते.

गाठोड्याचे उदाहरण कल्पित नाही. महाकुंभाच्या काळात, १५ फेब्रुवारी २०२५ च्या रात्री नवी दिल्ली स्थानकावर चेंगराचेंगरी होऊन १८ जण मृत्युमुखी पडले. रेल्वेमंत्र्यांनी संसदेत दिलेल्या उत्तरानुसार, पादचारी पुलाच्या जिन्यावर एका प्रवाशाच्या डोक्यावरचे मोठे ओझे पडले आणि त्यातून माणसे एकमेकांवर कोसळली. चाकांची बॅग ओढणारा एकटा प्रवासी हे परदेशी प्रतिरूपांचे गृहीतक असते. डोक्यावर बोचके, कडेवर मूल, हाताला धरलेली वृद्ध आई आणि सुटू नये म्हणून एकमेकांचा पदर पकडून चालणारे दहा जणांचे कुटुंब, हे उत्तर भारतातील यात्राकाळाचे वास्तव आहे. असे कुटुंब जिन्यावर दहा ठिपक्यांसारखे वागत नाही. ते एका लांबलचक, वाकणाऱ्या वस्तूसारखे वागते. या दुर्घटनेनंतर गर्दीच्या मोठ्या स्थानकांबाहेर प्रवाशांना थोपवून धरण्याच्या कायमस्वरूपी जागा उभारण्याचे रेल्वेने जाहीर केले. हा उपाय तत्त्वतः योग्यच आहे. फलाटावरची दाटी कमी करण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे ती फलाटाच्या अलीकडे, मोकळ्या जागेत अडवणे. पुलाची रुंदी वाढवण्यापेक्षा येणाऱ्या व जाणाऱ्यांचे मार्ग वेगळे करणे, किंवा समोरासमोरच्या फलाटांवर दोन गाड्या एकाच मिनिटाला येऊ न देणे अधिक फलदायी ठरते, असे प्रतिरूपे पुष्कळदा दाखवतात.

अर्थात, उत्तर बरोबर आले म्हणून माणसे ते मानतीलच असे नाही. लंडनच्या भुयारी रेल्वेत सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभे राहायचे आणि डावी बाजू चालणाऱ्यांना मोकळी ठेवायची, असा जुना रिवाज आहे. उंच जिन्यावर चालत चढणारे थोडेच असतात, त्यामुळे डावी बाजू बरीचशी वाया जाते. होबर्न स्थानकात २०१५ च्या अखेरीस तीन आठवडे सर्वांना दोन्ही बाजूंना उभे केले, तेव्हा गर्दीच्या तासात जिन्याने जवळपास ३० टक्के अधिक प्रवासी वाहिले. प्रवासी मात्र संतापले. सर्वांचा मिळून वेळ वाचतो, हे घाईत असलेल्या एकाला पटवून देणे कठीण असते. लंडनच्याच हीथ्रो विमानतळाचे टर्मिनल ५ मार्च २००८ मध्ये सुरू झाले, तेव्हा वेगळेच घडले. इमारत प्रशस्त होती, पण कर्मचाऱ्यांनाच वाहनतळ आणि आपापली कामाची जागा वेळेत सापडेना. सामान तुंबले आणि पहिल्या दहा दिवसांत ५०० हून अधिक उड्डाणे रद्द झाली. पडद्यावरच्या प्रवाशांबरोबर पडद्यावरचे हमालही हवेत, एवढाच त्याचा अर्थ.

यासाठीची साधने आता दुर्मीळ राहिलेली नाहीत. ‘लीजन’, ‘व्हिसवॉक’, ‘एनीलॉजिक’ यांसारखी व्यावसायिक पॅकेजेस आहेत. युलिश येथील संशोधन केंद्राचे ‘ज्युपेडसिम’ तर मुक्त स्रोत असून कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयाला विनामूल्य वापरता येते. तुटवडा आहे तो आकड्यांचा. कोण कुठून आला आणि कोणत्या जिन्याने गेला, हे कळल्याशिवाय प्रतिरूप म्हणजे रंगीत चलच्चित्र. लंडनमध्ये २०१६ साली ५४ स्थानकांवर चार आठवडे भ्रमणध्वनींचे वाय-फाय संकेत, ओळख लपवून, टिपले गेले. किंग्ज क्रॉस ते वॉटर्लू या प्रवासासाठी लोक अठरा वेगवेगळे मार्ग वापरतात, असे त्यातून दिसले. तिकिटांच्या नोंदींवरून हे कधीच कळले नसते.

मुंबईत मेट्रोच्या स्थानकांवर आत येताना आणि बाहेर पडताना फाटकातून जावे लागते, त्यामुळे निदान स्थानकागणिक मोजणी आपोआप होते. उपनगरी रेल्वेला अशी फाटके नाहीत. पासधारक महिन्यातून वा तीन महिन्यांतून एकदा खिडकीवर किंवा मोबाइलवर दिसतो आणि मग गर्दीत विरघळतो. तो रोज कोणत्या गाडीने येतो, उतरताना पूल समोर यावा म्हणून कोणता डबा धरतो, गाडी थांबण्याआधी उडी मारतो का, पावसात कुठे थबकतो, याची नोंद कोणत्याही तिकीटप्रणालीत नाही. ती मिळवायची तर कॅमेऱ्यांची चित्रफीत बसून तपासावी लागते, किंवा जिन्याच्या तोंडाशी हातात गणकयंत्र दिलेला माणूस उभा करून एकेक डोके मोजावे लागते, आणि तेही एखाद्या कोरड्या मंगळवारी नव्हे, तर जुलैतल्या मुसळधार पावसाच्या सकाळी.